धातूची सावली

गेल्या ज्येष्ठांत आमच्या थोरल्या वहिनींस हृदयाच्या ‘इको’ परीक्षेसाठीं घेऊन जाण्याचा प्रसंग आला. त्यांच्या हृदयांत माइट्रल झडपेच्या जागीं कृत्रिम झडप बसवून पुष्कळ वर्षें लोटलीं. तरुण डॉक्टरबाईंनीं प्रथमच विचारलें, “आजी, झडप कोणत्या जातीची? माप काय?” वहिनी म्हणाल्या, “धातूची आहे हो, बाई.” जन्मभर मुलांच्या वह्या तपासलेल्या आम्हांसही याहून अधिक ठाऊक नव्हतें!

कानास ऐकूं न येणारा ध्वनि छातींत सोडावयाचा व प्रतिध्वनीवरून चित्र उमटवावयाचें, हें या परीक्षेचें तत्त्व. १९५३ सालीं स्वीडनमधील लुंड येथें एडलर व हेर्ट्झ यांनीं हृदयावर हा प्रयोग केला, तो धातूंतील दोष हुडकण्याच्या यंत्रानें. आतां हृदयांत बसलेला धातुच दृष्टीच्या आड येतो, ही मौज पाहण्यासारखी आहे. रक्तमांसांतून ध्वनि पार जातो. धातु तो बहुतेक सगळा परत फेंकतो. म्हणून धातु पडद्यावर शुभ्र चकाकतो आणि त्याच्यामागें काळी सावली पडते. कधीं ध्वनि मध्येंच हेलपाटे घालतो व जेथें कांहींच नाहीं तेथें रेघांमागून रेघा दिसतात. छातीवरून पाहिलें तर वहिनींच्या झडपेची सावली नेमकी डाव्या वरच्या कप्प्यावर पडते, आणि गुठळी वा गळती शोधावयाची ती तेथेंच! अशा वेळीं अन्ननलिकेंत नळी उतरवून मागील बाजूनें पाहतात. कारण अन्ननलिका त्या कप्प्यास लागूनच आहे.

पेसमेकरची तार उजव्या कप्प्यांतून जाणाऱ्या चकचकीत रेघेसारखी दिसते. आडवी छेदली गेली तर नुसता ठिपका. तार आहे हें ठाऊक नसल्यास तो ठिपका गुठळीसारखा भासेल. आणि तारेवर खरोखरीच गुठळी धरूं शकते, म्हणून ‘तारच ती’ असें म्हणून सोडूनही देतां येत नाहीं.

वहिनींच्या झडपेंत एकच चकती तिरपी होऊन उघडतांना दिसली. दोन पाळ्यांची असती तर दोन समांतर रेघा दिसत्या. त्रिवेंद्रमच्या श्रीचित्रा संस्थेची, १९९० सालीं प्रथम माणसांत बसविलेली झडपही एका चकतीचीच. जात कळली, पण माप कळेना. आणि मापावांचून रक्ताचा वेग योग्य कीं चकती अडकत चालली, हें बाईंस ठरवितां येईना.

तीन दिवस घर धुंडाळलें. वहिनींच्या तोंडचें पाणी पळालें होतें. शेवटीं देवघराच्या फडताळांत जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्यांत झडपेचें कार्ड सांपडलें: माप २७. बाईंनीं त्या मापाशीं वेग ताडून पाहिला व तो ठीक असल्याचें सांगितलें. आतां कार्ड वहिनींच्या बटव्यांत असतें. पुतण्यांनीं त्याचें छायाचित्र आपापल्या मोबाईलमध्यें घेऊन ठेवलें आहे.