कोर्टात ‘कबूल’ म्हणू नका!



माझ्या काकाची पोरगी अमळनेरला खोली करून शिकली. बारावी, मग तीन वर्षं जीएनएम. पास झाली. पाड्यात अडलेल्या बाईशी तिच्याच बोलीत बोलणारी नर्स आपल्याला मिळणार होती. पण फॉर्म भरायला बसली तर त्यात प्रश्न: ‘आपणास कोणत्याही न्यायालयाने शिक्षा केली आहे काय?’ पेन तिथंच थांबला.

शिक्षा झालेली आहे. कशाची? आईबरोबर वावरात ज्वारी पेरत होती त्याची. वनदावा दाखल होता. २००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ४(५) सांगतं की दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत कुणाला जमिनीवरून हटवता येत नाही. तरी केस केली, इंग्रजांच्या १९२७ च्या कायद्याखाली. गार्डनं नावं लिहिली, वय नुसतं बघून टाकलं, १९. पोरगी तेव्हा १७ ची होती.

मग तारखा. प्रत्येक तारखेला घरातले दोन रोज बुडायचे, जीपचं भाडं वेगळं. शेवटी कुणीतरी सांगितलं, कबूल म्हणा, पाचशे रुपये भरा, मोकळे व्हा. तो कुणीतरी म्हणजे मीच. बारावी शिकलेला, मोर्चात पुढं घोषणा देणारा. मला वाटलं दंड भरला की मिटलं. मिटलं नव्हतं. पाचशे रुपयांत पोरीच्या कपाळावर शिक्का मारून आणला आम्ही.

हे नीट समजून घ्या. कलम ६८ प्रमाणे वनखात्यानं दंडाची पावती फाडून प्रकरण मिटवलं, तर ती शिक्षा नव्हे. तीच पावती आपण वनदाव्याला कब्जाचा पुरावा म्हणून जोडतो. पण कोर्टात उभं राहून ‘गुन्हा कबूल’ म्हटलं, तर दंड पाच रुपये असो की पाचशे, ती शिक्षाच. केस नुसती चालू असेल तर तीही शिक्षा नाही. हा फरक आपल्याला कुणी सांगत नाही, कारण कबूल म्हटलं की सगळ्यांचंच काम लवकर उरकतं.

आता साहेब लोकांना विचारतो. महाराष्ट्राच्या १९६६ च्या नर्सेस कायद्यात शिक्षेची गोष्ट आहे ती नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्याची. पेशंटची औषधं चोरून विकली, ते अधःपतन. पण ज्वारी पेरणाऱ्या हातानं सलाईन लावली तर पेशंटला काय होतं? याच अमळनेरात साने गुरुजी शिक्षक होते. १९३० साली शाळा सोडून सत्याग्रहात गेले, धुळ्याच्या तुरुंगात राहिले. त्यांचा तुरुंग सांगताना सगळ्यांची मान ताठ होते. आमच्या पोरीचा दंड निघाला की ‘रेकॉर्ड’ म्हणतात.

एकजण तिला म्हणाला, ‘नाही’ लिहून टाक, कोण बघतं. मी म्हटलं, बिलकुल नाही. लपवलेलं पोलीस पडताळणीत निघालं तर ज्वारीची केस बाजूला राहील आणि खोटं बोलल्याचं नवं लचांड गळ्यात पडेल. ‘होय’ लिही, खाली कशाची केस ते लिही, निकालाची नक्कल जोड.

आणि तिची लढाई अजून संपलेली नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे १८ च्या आतल्या पोरांची केस बाल न्याय मंडळापुढं चालायला पाहिजे. निकाल लागून गेला तरी वयाचा मुद्दा काढता येतो. अन् तो मान्य झाला तर त्या केसमुळं पुढं अपात्रता लागत नाही, कलम २४. गार्डच्या अंदाजापेक्षा शाळेचा दाखला मोठा आहे.

वकिलाला पैसे कुठून, असं म्हणू नका. आदिवासीला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला न लावता. तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडं अर्ज द्यायचा. तारखेच्या आधी द्या, त्या दिवशी धावत नको.

पोरीचा दाखला आणि निकालाची नक्कल घेऊन आम्ही अर्ज देतोय. ज्यांच्या पोरापोरींवर जंगलाची केस आहे त्यांनी पुढच्या बैठकीला सगळे कागद आणा, फाटके असले तरी आणा. आणि ज्यांची तारीख त्याआधी आहे त्यांनी मला निरोप धाडा. मी सोबत येतो. या वेळी कबूल म्हणायला सांगणार नाही.