झडप बदललेल्यांनो, पाऊस लागायच्या आत आयएनआर तपासून घ्या

रेवसपासून हरिहरेश्वरापर्यंत ज्या ज्या घरात हृदयाची झडप बदललेलं माणूस आहे, त्या घरासाठी हे आवाहन आहे. पाऊस तोंडावर आला आहे. मांडव्याच्या लाँच बंद होतील, मुंबईची खेप लांबेल आणि ‘आता गणपती झाले की बघू’ म्हणत रक्ताची तपासणी राहून जाईल. ती राहू देऊ नका. याच आठवड्यात आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी, करून घ्या.

धातूच्या झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून वॉरफेरिन किंवा असिट्रॉमची गोळी जन्मभर घ्यावी लागते. गोळी कमी पडली तर गुठळी झडप अडवते, किंवा मेंदूत जाऊन अर्धांगवायू होतो. जास्त झाली तर रक्तस्राव होतो, तोही कधी मेंदूतच. निरोगी माणसाचा आयएनआर १ च्या आसपास असतो. महाधमनीची धातूची झडप असेल तर तो साधारण २ ते ३ आणि मायट्रल झडप असेल तर २.५ ते ३.५ ठेवतात. तुमचा किती हवा, ते डॉक्टरांकडून फाइलवर लिहून घ्या. ‘मला बरं वाटतंय’ यावर विसंबू नका. आकडा दीडच्या खाली गेलेल्यालाही काही जाणवत नाही, पाचच्या वर गेलेल्यालाही नाही.

आपल्याकडे पावसाळ्यात हा आकडा हलायला कारणं पुष्कळ. टाकळा, कुर्डू, भारंगी उगवते, श्रावणात मासळी बंद होते आणि ताटात पालेभाजी एकदम वाढते. तिच्यातलं के जीवनसत्त्व गोळीचा जोर कमी करतं. भाजी सोडायची नाही, पण बारा महिने जेवढी खाता तेवढीच खा. उलट, जुलाबावरच्या मेट्रोनिडॅझोलने आकडा चढतो आणि अंगदुखीवरच्या डायक्लोफेनॅकने रक्तस्रावाचा धोका वाढतो. म्हणून गावातल्या दवाखान्यात पाऊल टाकताच, इंजेक्शन घेण्याआधी, झडपेचं सांगा. ताप अंगावर काढू नका. झडपेला जंतुसंसर्ग झाला असेल तर दिवस वाया घालवणं जिवावर बेतू शकतं.

लहानपणीच्या ऱ्हुमॅटिक तापाने झडप गेलेल्या तरुण मुली आपल्यात आहेत. त्यांच्या सासू-सासऱ्यांना आणि नवऱ्यांना कळकळीची विनंती आहे: मूल हवं असेल तर दिवस राहण्याआधीच हृदयाच्या डॉक्टरांकडे न्या. ही गोळी पोटातल्या बाळाला बाधू शकते, पण मनाने बंद केली तर आईच जाऊ शकते. त्या काळात काय द्यायचं हे डॉक्टरच ठरवतात.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा मुरूड-श्रीवर्धनकडे रस्त्यांवर झाडं आडवी होती, वीज नव्हती, फोन लागत नव्हते. म्हणून घरात निदान महिन्याच्या गोळ्या हव्यातच.

१ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद असते. नाखवांनो, तुमच्या बोटीवर झडप बदललेला खलाशी असेल तर बंदी संपून होडी पाण्यात लोटण्याआधी त्याचा रिपोर्ट बघा. आशाताईंनो, आपल्या वाडीतल्या अशा माणसांची नावं आजच काढा. लॅबवाल्यांनो, आयएनआर तुमच्याकडे होत नसेल तर आठवड्यातून एक दिवस ठरवून नमुने अलिबागला पाठवा.

आणि तोंड वाकडं झालं, हातातलं बळ गेलं, बोलणं अडखळलं, अचानक दम लागला किंवा शौचाला काळं झालं, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ लावा आणि पहिलं वाक्य हेच बोला: ‘झडप बदललेली आहे, असिट्रॉम चालू आहे.’