अर्ध्या तासात चाळीस मिनिटांचं काम

बाळंतीण दगावली की पहिली नोटीस निघते ती ड्युटीवरच्या नर्सच्या नावाने. नातेवाईकांचा ठिय्या, निलंबन, चौकशी. चार दिवसांत विषय थंड. त्या रात्री प्रसूती कक्षात बायका किती होत्या आणि नर्स किती, हे फारसं कुणी विचारत नाही.

मी कॉमर्सवाला, म्हणून आधी हिशेब. बाईच्या कळा दर अर्ध्या तासाने, पोटावर हात ठेवून दहा मिनिटं मोजायच्या असतात. शिवाय बाळाचे ठोके, आईची नाडी. एका नर्सकडे चार बायका असतील तर नुसत्या कळा मोजायला चाळीस मिनिटं लागतात. हातात आहेत तीस. त्यातच एखादीचं बाळंतपण सुरू झालं तर बाकीच्या तिघी देवाच्या हवाली. मग पार्टोग्राफ, म्हणजे प्रसूती कशी पुढे सरकतेय त्याचा तक्ता, सगळं उरकल्यावर अंदाजाने भरला जातो. कागद पूर्ण दिसतो, पण धोका वेळेत दाखवायचं त्याचं काम राहूनच जातं.

उपाय शोधायचे प्रयत्न झालेत, तेही आपल्याच जिल्ह्यात. २०१० मध्ये गोकाकच्या सरकारी रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेची प्रसूतीची तपासयादी वापरून पाहिली. हात धुतले का, रक्तस्राव रोखायचं इंजेक्शन तयार आहे का, अशा साध्याच गोष्टी. आधी २९ पैकी सरासरी १० पाळल्या जात होत्या, नंतर २५.

पुढे उत्तर प्रदेशात १२० केंद्रांत मोठा प्रयोग झाला. निम्म्या केंद्रांत यादी दिली आणि मार्गदर्शकही नियमित जात. काम सुधारलं, पण ते यायचे थांबल्यावर पुन्हा घसरलं. २०१७ मध्ये निकाल आला तेव्हा माता-बाळांच्या मृत्यूंत दोन्हीकडे फरक नव्हता. यादी आठवण करून देते, जादा हात देत नाही. संपलेलं औषधही आणत नाही.

सीमेवर आणखी एक गुंता आहे. चंदगडची बाई बाळंतपणाला बेळगावात येते ती मराठी कार्ड घेऊन. इथे सवय कन्नड ‘तायी कार्ड’ची. हिमोग्लोबिनचा आकडा कुणालाही कळेल, पण डॉक्टरांनी शेजारी लिहिलेला शेरा? मराठी वाचणारी नर्स असली तर ठीक. नाहीतर शिफ्ट बदलताना तो तोंडीही पुढे जात नाही.

नर्सची चूक असेल तर कारवाई व्हावीच. फक्त चौकशीच्या फायलीत त्या रात्रीचा ड्युटी चार्ट आणि औषधांचा स्टॉक रजिस्टरही जोडलेला असावा, आणि तो नातेवाईकांना मागता यावा.