पाचवी-आठवीत ‘ढकलपास’ बंद: निकाल आणि पुनर्परीक्षा यांमधले दोन महिने कसे वापराल?

तुमचे मूल यंदा पाचवीत किंवा आठवीत असेल, तर वर्षाअखेरची परीक्षा आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. १६ डिसेंबर २०२४ रोजी केंद्र सरकारने शिक्षण हक्क कायद्याखालील नियमांत दुरुस्ती केली. त्यानुसार केंद्राच्या अखत्यारीतील शाळांत, म्हणजे केंद्रीय विद्यालये, नवोदय विद्यालये, सैनिक शाळा इत्यादींमध्ये, या दोन इयत्तांत पुनर्परीक्षेनंतरही अनुत्तीर्ण राहिलेल्या मुलाला त्याच वर्गात ठेवले जाते. नवोदय आणि सैनिक शाळा सहावीपासून सुरू होतात, त्यामुळे तिथे हा प्रश्न आठवीपुरताच आहे.

थोडी मागची गोष्ट. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला मागे ठेवायचे नाही, असे त्यात होते. लोकांनी त्याला ‘ढकलपास’ हे नाव दिले. २०१९ मध्ये कायदा बदलला आणि पाचवी-आठवीत परीक्षा घेऊन मुलाला मागे ठेवायचे की नाही, हा निर्णय सरकारांवर सोडला गेला. शिक्षण हा समवर्ती सूचीतील विषय असल्याने राज्याराज्यांत फरक पडला. महाराष्ट्राने २०२३-२४ पासून या दोन इयत्तांच्या वार्षिक परीक्षा सुरू केल्या. तामिळनाडूने मात्र आपल्या शाळांत आठवीपर्यंत मुलाला मागे न ठेवण्याचे धोरण कायम ठेवले. म्हणून कामासाठी सुरत, इंदूर किंवा हैदराबादला राहत असाल, तर गावाकडचा नियम तुमच्या मुलाला लागू होत नाही. शाळा ज्या राज्यात आहे त्या राज्याचा नियम लागू होतो आणि शाळा केंद्राची असेल तर केंद्राचा. हे मुख्याध्यापकांना एकदा स्पष्ट विचारून घ्या.

नियमात काय लिहिले आहे?

बहुतेक पालकांपर्यंत ‘आता नापास करणार’ एवढेच पोहोचले आहे. केंद्राच्या नियमात त्याहून बरेच काही आहे. मूल अनुत्तीर्ण झाले, तर त्याला जादा शिकवणे आणि निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षा देणे शाळेवर बंधनकारक आहे. त्यातही ते अनुत्तीर्ण झाले तरच त्याच वर्गात राहते. त्यानंतर वर्गशिक्षकांनी मूल नेमके कुठे कच्चे आहे ते शोधून तेवढ्यावर खास मदत करायची आहे, आणि गरज असेल तर पालकांनाही मार्गदर्शन करायचे आहे. मुख्याध्यापकांनी अशा मुलांची यादी ठेवून स्वतः लक्ष घालायचे आहे. परीक्षा पाठांतरावर नव्हे, तर मुलाला काय करता येते यावर बेतलेली असावी, असेही नियम सांगतो. आणि आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही.

म्हणजे खरी परीक्षा पहिल्या निकालानंतरच्या दोन महिन्यांची आहे. ते दोन महिने रागावण्यात गेले की शिकवण्यात, यावर पुढचे वर्ष ठरते.

भीतीने मूल शिकते का?

नियम बदलण्यामागचा युक्तिवाद असा: परीक्षेची धास्ती नसल्याने मुले, पालक आणि शाळा, तिघेही ढिले पडले. यात तथ्य आहे. चौथी-पाचवीपर्यंत पोहोचूनही सोपा परिच्छेद न वाचता येणारी मुले आपण सर्वांनी पाहिली आहेत. वर्ग बदलत गेला आणि कोणी विचारले नाही. पण धास्तीने मूल पुस्तक उघडते. उघडलेल्या पुस्तकातले समजत नसेल, तर धास्ती तिथे काहीच करू शकत नाही.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड वायनर यांनी या प्रश्नाचा वेगळ्या बाजूने विचार केला. अपयश आल्यावर मूल स्वतःला त्याचे कोणते कारण सांगते, हे त्यांनी महत्त्वाचे मानले. ‘हातच्याची बेरीज मला नीट शिकवलीच गेली नाही’ किंवा ‘मी सराव कमी केला’ असे कारण सांगणारे मूल पुन्हा प्रयत्न करते, कारण ही कारणे बदलता येतात. ‘मी ढच आहे’ असे मानणारे मूल प्रयत्न सोडते. ढ असणे बदलता येत नाही, अशी त्याची समजूत होते. घरात आणि वर्गात आपण नापास मुलाला कोणते वाक्य ऐकवतो, त्यावर त्याचे हे कारण बरेचसे ठरते.

अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेला विचार यालाच जोडून आहे. ‘हे मला जमेल’ हा विश्वास सर्वांत जास्त येतो तो प्रत्यक्ष एखादी गोष्ट जमल्यावर. नुसते ‘तू हुशार आहेस’ म्हणून तो येत नाही. त्यामुळे पुनर्परीक्षेच्या तयारीत पहिल्या आठवड्यात सगळा अभ्यासक्रम पुढ्यात टाकणे ही चूक ठरते. आधी एक छोटी गोष्ट पक्की होऊ द्या.

त्याच वर्गात पुन्हा बसवण्याचा फायदा होतो का, यावर अनेक देशांत अभ्यास झाले आहेत आणि निष्कर्ष एकसारखे नाहीत. पण एक गोष्ट वारंवार दिसते: जादा मदत न देता तेच पुस्तक, त्याच पद्धतीने, आणखी एक वर्ष शिकवले तर मिळालेला फायदा पुढे विरतो आणि शाळा सुटण्याचा धोका वाढतो. म्हणूनच नियमातील ‘खास मदत’ हा भाग कागदावर राहता कामा नये.

अडले कुठे, ते शोधा

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हायगॉट्स्की यांनी सुमारे नव्वद वर्षांपूर्वी सांगितले की, मुलाला एकट्याने जे येते आणि थोड्या मदतीने जे येते, या दोहोंमध्ये एक पट्टा असतो. शिकणे त्या पट्ट्यात घडते. त्याच्या खालचे शिकवले तर मूल कंटाळते, वरचे शिकवले तर गोंधळते. आठवीतल्या मुलाला भागाकार येत नसेल, तर बीजगणिताची शिकवणी लावून पैसे वाया जातात. आधी भागाकार आणि त्याआधी कदाचित पाढे.

याचा पुरावा आपल्याच देशात आहे. ‘प्रथम’ या संस्थेने मुंबई आणि वडोदरा येथील महापालिका शाळांत ‘बालसखी’ हा उपक्रम चालवला. वस्तीतल्याच तरुणी तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना रोज सुमारे दोन तास वेगळे बसवून मूलभूत वाचन आणि गणित शिकवत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी त्याचे काटेकोर मोजमाप केले. मुलांचे गुण स्पष्टपणे वाढले आणि सर्वांत जास्त फायदा सर्वांत मागे असलेल्या मुलांना झाला. त्या तरुणींकडे बी.एड.ची पदवी नव्हती. त्या मूल जिथे होते तिथून सुरुवात करत होत्या.

५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेले ‘निपुण भारत’ अभियान याच विचाराचे आहे. तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि साधे गणित यावे, हे त्याचे उद्दिष्ट असून २०२६-२७ ही मुदत आहे. तिसरीतल्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचावेत, असे त्यात म्हटले आहे. हा हिशेब तुम्ही घरी मोबाइलच्या घड्याळावर करून पाहू शकता. पाचवीतले मूल तिथवर पोहोचत नसेल, तर परिसर अभ्यासात गुण का कमी आले याचे उत्तर बहुधा तिथेच सापडेल.

पुस्तक मिटा आणि विचारा

‘मला लिहिता-वाचता येत नाही, मी अभ्यास काय घेणार?’ असे अनेक आई-वडील म्हणतात. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके या दोन संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला. इतरांनी तो वाचून, बाजूला ठेवून, आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले.

यासाठी तुम्हाला वाचता येण्याची गरज नाही. मुलाला धडा वाचू द्या, पुस्तक मिटायला सांगा आणि म्हणा, ‘आता मला सांग, काय होते त्यात?’ मूल अडखळेल. अडखळू द्या, मग पुस्तक उघडून पाहू द्या. तोच धडा दोन दिवसांनी आणि पुन्हा आठवड्याने विचारा. भाकरी करताना, बसची वाट पाहताना हे होऊ शकते. परीक्षेच्या आदल्या रात्रीची घोकंपट्टी यापुढे फिकी आहे.

बक्षीस, पैसे आणि शिष्यवृत्ती

‘पास झालास तर मोबाइल’ हा सौदा घराघरांत होतो. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या चित्रे काढायला आवडणाऱ्या मुलांवर प्रयोग केला. ज्यांना आधीच प्रमाणपत्राचे आमिष दाखवले होते, ती मुले नंतर मोकळ्या वेळेत चित्रांकडे कमी वळली. अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांची आवड मात्र टिकली. आवडीच्या कामाला आधीपासून किंमत लावली की ते काम मजुरी वाटू लागते. जे काम मुलाला मुळीच आवडत नाही, त्याला सुरुवात म्हणून लहानसे बक्षीस चालते. पण कायमचा सौदा नको.

मग शिष्यवृत्तीचे काय? तिचे काम वेगळे आहे. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक विद्यार्थी शिष्यवृत्ती आठवीत परीक्षा देऊन मिळते आणि नववी ते बारावी दर वर्षी १२,००० रुपये थेट खात्यात जमा होतात. पालकांचे वार्षिक उत्पन्न ३,५०,००० रुपयांपर्यंत असावे लागते आणि मूल सरकारी, अनुदानित किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेच्या शाळेत असावे लागते. केंद्रीय व नवोदय विद्यालयांतील मुले यासाठी पात्र नाहीत. ही रक्कम आमिष नाही, ती मुलाला कामाला पाठवण्याची वेळ टाळते. मुलाशी बोलतानाही तसेच बोला: ‘ही तुझ्या वह्या-पुस्तकांची आणि प्रवासाची सोय आहे.’ पुढे ती चालू राहण्यासाठी नववी आणि अकरावी पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण व्हावे लागते. त्यामुळे आठवीतला कच्चा पाया इथे पैशांतही महाग पडतो.

शाळेत काय विचाराल?

अनुत्तीर्ण निकाल हाती आला, तर ‘किती गुण कमी पडले?’ यापेक्षा ‘त्याला नेमके काय येत नाही आणि ते कोण, कधी शिकवणार?’ असे विचारा. जादा वर्गाचे वेळापत्रक मागा. उत्तर मिळत नसेल, तर विषय शाळा व्यवस्थापन समितीत मांडा. सरकारी आणि अनुदानित शाळांच्या या समितीत कायद्याने तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असतात. निकालावरून मुलाला मारणे किंवा वर्गात अपमानित करणे कायद्याच्या कलम १७ नुसार निषिद्ध आहे. असे घडल्यास राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे तक्रार करता येते आणि १०९८ या बाल मदतवाहिनीवर कोणत्याही वेळी विनाशुल्क फोन करता येतो.