रस्ता अडवला कोणी?

मुंबई-गोवा महामार्ग रखडला तो दोनच कारणांनी, असे पुन्हा ठासून सांगितले जात आहे. सरकारकडे पैसा नाही आणि कोकणी माणूस जमीन सोडत नाही. म्हणून रस्ते खासगी कंत्राटदारांच्या हवाली करा आणि २०१३चा भूसंपादन कायदा सैल करा, असा सल्ला. सल्ला देणाऱ्यांनी पनवेल-इंदापूर टप्प्याचा इतिहास चाळलेलाही दिसत नाही. ८४ किलोमीटरच्या या टप्प्याचे काम २०११मध्ये सुरू झाले ते खासगीकरणातूनच. कंत्राटदाराने बँकेचे कर्ज काढायचे, रस्ता बांधायचा आणि टोलमधून पैसे वसूल करायचे, अशी ती पद्धत होती. जमिनीचा ताबा अर्धवट, कर्नाळा अभयारण्यातल्या रुंदीकरणाचा प्रश्न लोंबकळलेला, आणि कर्जावरचे व्याज मात्र रोज चढते. अशा स्थितीत तो कंत्राटदार बुडणारच होता. आज जे औषध सुचवले जाते ते याच रोग्याला आधी पाजून झाले आहे.

शेतकऱ्यावरचा आरोप मात्र नुसता चुकीचा नाही, अन्यायाचा आहे. २०१३चा कायदा लागू झाला १ जानेवारी २०१४ला. त्यातले मोबदल्याचे वाढीव दर राष्ट्रीय महामार्गांना मिळाले ते १ जानेवारी २०१५पासून. म्हणजे पनवेल-इंदापूरचे काम अडले तेव्हा हा कायदा तिथे लागूच नव्हता. तेव्हा चालत होता तो १९५६चा राष्ट्रीय महामार्ग कायदा. त्यात १९९७मध्ये झालेल्या दुरुस्तीने महामार्गात जमीन जाणाऱ्याला दिलासा रक्कमसुद्धा नाकारली होती. धरणासाठी १८९४च्या कायद्याखाली जमीन गेली तर बाजारभावावर ३० टक्के दिलासा, आणि महामार्गात गेली तर काही नाही. हा भेदभाव सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये घटनाबाह्य ठरवला. अशा दराने जमीन देताना शेतकरी कां-कूं करत असेल, तर तो विकासाचा वैरी कसा? कोकणात एकेका सातबाऱ्यावर भावकीची भलीमोठी यादी असते, निम्मे वारस मुंबईत, मध्येच एखाद्या कुळाचा दावा. हे महसूल खात्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तरी मोजणी आणि वाटपाचे वाद मिटण्याआधी निविदा निघतात आणि मग खोळंब्याचे खापर त्या यादीवर फुटते. समृद्धी महामार्गालाही सुरुवातीला कडवा विरोध झालाच होता. सरकारने थेट खरेदीचा मार्ग धरला, भाव रेडी रेकनरच्या कित्येक पटींनी दिला, आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता २०२५मध्ये पूर्ण झाला. कोकण रेल्वेच्या वेळीही डोंगर, नद्या आणि पैसा यांची हीच रड ऐकू येत होती. महामंडळ १९९०मध्ये स्थापन झाले, १९९८मध्ये गाडी संपूर्ण मार्गावर धावली, आणि जमिनी याच कोकणाने दिल्या.

पैशाचे म्हणाल तर पेट्रोल-डिझेलवरचा रस्ते-उपकर वाहनधारक २०००च्या कायद्यापासून भरतच आहेत. महामार्ग प्राधिकरणावर कर्जाचा मोठा बोजा आहे हे खरे. पण अर्धवट कामाची निविदा पुन्हा पुन्हा काढल्याने तो हलका होत नाही. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा पूल वाहून गेला, माणसे गेली, आणि वर्ष पुरे होण्याआत, जून २०१७मध्ये, नवा पूल वाहतुकीला खुला झाला. कोणी म्हणेल, पुलाला नवी जमीन फारशी लागत नव्हती. माझे म्हणणे नेमके तेच आहे. जागा हातात होती, निधी ठरलेला होता, जबाबदारी कोणाची हे स्पष्ट होते. मग त्याच कोकणात, तोच पाऊस सोसून काम झाले.

तेव्हा क्रम बदलला पाहिजे. आधी संयुक्त मोजणी, गावोगावी आणि मुंबईतही वारसांची शिबिरे, मोबदला खात्यावर जमा, वनखात्याची परवानगी हातात, त्यानंतरच निविदा. यात पहिली दोन वर्षे कागदावर जातील आणि भूमिपूजनाचा मुहूर्त लांबेल, हे मान्य. पण २०११पासून जे चालले आहे त्यापुढे ती दोन वर्षे काहीच नाहीत. यापुढे कोणी महामार्ग पूर्ण होण्याची नवी तारीख जाहीर केली, तर वाचकांनी एवढेच विचारावे: किती टक्के जमीन आज ताब्यात आहे, आणि तिचे पैसे किती जणांना पोचले?