बालकांचा खोकला आणि मिश्र औषधांचे अर्थकारण

लहान बालकास वर्षाकाठी सहा ते आठ वेळा सर्दी-पडसे होणे वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने अस्वाभाविक नाही. यांपैकी बहुतेक दुखणी विषाणुजन्य असतात व काही दिवसांत आपोआप ओसरतात. परंतु पुन्हा पुन्हा उद्भवणारा खोकला पालकांची झोप उडवतो, आणि जेथे चिंता असते तेथे बाजारपेठ निर्माण होते. ताप, शिंका, चोंदलेले नाक व खोकला या सर्वांवर एकाच बाटलीत उपाय देऊ करणारी मिश्र औषधे ही या बाजारपेठेचीच निर्मिती होय.

मिश्र औषध मुळातच त्याज्य आहे, असे मात्र नव्हे. क्षयरोगावरील औषधे एका गोळीत दिल्याने उपचार अर्धवट राहण्याचा धोका कमी होतो. अमॉक्सिसिलिनच्या जोडीला क्लॅव्हुलॅनिक आम्ल दिले असता काही जंतूंचा प्रतिकार मोडून काढता येतो. परंतु त्याच अमॉक्सिसिलिनची कफ पातळ करणाऱ्या ब्रोमहेक्झिनशी घातलेली सांगड केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये बंदी घातलेल्या १४ मिश्रणांत होती. शिवाय बालकाची मात्रा वजनावरून ठरते. बाटलीतील प्रमाण मात्र ठरलेले असते. एका घटकाची मात्रा वाढवली की दुसऱ्याचीही वाढते. खोकल्याच्या औषधात पॅरासिटामॉल आहे हे ठाऊक नसलेले पालक तापाचे औषध वेगळे देतात, तेव्हा त्याची मात्रा नकळत दुप्पट होऊ शकते.

मग अशी मिश्रणे टिकतात कशी? वैद्यकीय सेवेच्या बाजारात विक्रेत्यास जे ज्ञान असते ते ग्राहकास नसते, हे केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्येच दाखवून दिले होते. येथे औषध निवडतो डॉक्टर, पैसे मोजतात पालक आणि परिणाम भोगते बालक. त्यात किंमत नियंत्रणाची भर पडते. २०१३ च्या आदेशानुसार अत्यावश्यक औषधांच्या सूचीतील औषधांना कमाल किंमत ठरवून दिली जाते. सूचीबाहेरील बहुसंख्य मिश्रणांना अशी मर्यादा नाही. त्यांची किंमत वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढवता येते. साध्या औषधात एखादा घटक मिसळण्याचे आर्थिक प्रलोभन अशा रीतीने कायद्यानेच निर्माण केले आहे.

मिश्रणांना राज्यांच्या पातळीवर केंद्राच्या मंजुरीविना परवाने दिले गेल्याबद्दल संसदेच्या स्थायी समितीने २०१२ मध्ये ताशेरे ओढले. मार्च २०१६ मध्ये ३४४ मिश्रणांवर बंदी आली. डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार फेरतपासणी होऊन सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर पुन्हा बंदी घालावी लागली. ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी १५६ मिश्रणे बाद झाली. खटल्याचे प्रत्येक वर्ष हे उत्पादकाच्या दृष्टीने विक्रीचे वर्ष असते, हे विसरून चालणार नाही.

क्लोरफेनिरामिन व फिनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील बालकांस देऊ नये, असा आदेश डिसेंबर २०२३ मध्ये निघाला. तरीही २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा परिसरात वीसहून अधिक बालके दगावली, तेव्हा त्यांतील अनेकांना दिलेल्या औषधात हेच दोन घटक पॅरासिटामॉलसह होते. मृत्यूस कारण झाले ते त्यात आढळलेले डायएथिलिन ग्लायकॉल हे विष, मिश्रण नव्हे, हे खरे. परंतु ज्या औषधाची त्या वयात गरजच नव्हती, ते दिलेच गेले नसते तर विष पोटात जाण्याचा प्रश्न उद्भवला नसता.

यावरील उपाय स्पष्ट आहेत. मिश्रणाची उपयुक्तता विक्रीपूर्वी सिद्ध करण्याची जबाबदारी उत्पादकावर असावी. ज्या मिश्रणातील एखादा घटक सूचीत आहे, त्यालाही कमाल किंमत लागू व्हावी. आणि पालकांनी डॉक्टरांना निःसंकोच विचारावे : या बाटलीत कोणकोणती औषधे आहेत, आणि त्यांतील प्रत्येक कशासाठी? बाजारात ग्राहकाचे अज्ञान हेच विक्रेत्याचे भांडवल असते. ते घटवण्याचा अधिकार तरी पालकांच्या हाती आहे.