पिवळ्या पाटीचा फोन

फोन वाजू लागला की पडद्यावर तीन गोष्टी दिसू शकतात: फोन करणाऱ्याचा नंबर, त्याचे नाव आणि त्या फोनचा प्रकार. नंबर आता सर्वांनाच दिसतो. नाव दाखवण्याची व्यवस्था आकार घेते आहे. प्रकार मात्र अजून मोजक्याच फोनांवरून कळतो, आणि खरी गरज त्याचीच आहे. फोन उचलायचा की नाही हे चार-पाच रिंगांत ठरवावे लागते. तेवढ्या वेळात हा फोन बँकेचा आहे, विक्रीचा आहे, सरकारी कचेरीचा आहे की कोणाचा खासगी, एवढे कळले तरी पुरते. बोलणाऱ्याचे नाव गणेश आहे की सुरेश, याने त्या निर्णयात फारसा फरक पडत नाही.

हा विषय या आठवड्यात पुन्हा घ्यावा लागतो तो एका सहकारी बँकेमुळे. केवायसीची मुदत संपलेल्या एका निवृत्त शिक्षिकेला शाखेतून फोन गेला, तोही कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या मोबाइलवरून. ‘बँकेतून बोलतोय, तुमची केवायसी राहिली आहे, नाहीतर खाते बंद होईल.’ बाईंनी फोन कट केला आणि योग्यच केले, कारण फसवणाऱ्यांचे पहिले वाक्य अगदी हेच असते. पुढे व्यवहार अडकले तेव्हा शाखेत त्यांनाच ऐकून घ्यावे लागले: ‘फोन का उचलत नाही?’ ज्या काउंटरवर हे बोलणे झाले, त्याच्या काचेवर ‘अनोळखी नंबरवरून आलेल्या फोनवर कोणतीही माहिती देऊ नका’ असा बँकेचाच कागद चिकटवलेला आहे. ग्राहकाने कागदावरची सूचना पाळली आणि बोलणीही तिनेच खाल्ली.

फोनचा प्रकार आधी कळवणे ही काही नवी कल्पना नव्हे. जुन्या दूरध्वनी जाळ्यांत एक एक्स्चेंज दुसऱ्याला फोन सोपवते तेव्हा सोबतच्या संकेतात फोन करणाऱ्याच्या वर्गाचा एक रकाना असतो. साधा ग्राहक, ऑपरेटर, सार्वजनिक फोन, चाचणीचा फोन असे त्याचे वर्ग असतात आणि हा रकाना भरणे सक्तीचे असते. आकारणी कशी करायची, फोन कसा हाताळायचा हे त्यावरून ठरते. म्हणजे कोणत्या जातीचा फोन येतो आहे हे यंत्रांना पहिल्यापासून कळत आले. ज्याच्या घरी घंटा वाजते त्याच्यापर्यंत ती माहिती कधी पोचवली गेली नाही. कचेऱ्यांतल्या इंटरकॉमने मात्र ती पोचवली. तिथे आतला फोन आला की एकेरी रिंग वाजे आणि बाहेरचा आला की जोडरिंग. शिपायापासून साहेबापर्यंत प्रत्येकाला पडद्याशिवाय फरक समजे.

मोबाइलवर भारताने यासाठी नंबरांच्या मालिकांचा मार्ग धरला. नको असलेले फोन नाकारण्याची नोंदवही २००७मध्ये सुरू झाली. २०११मध्ये विक्रीच्या फोनांसाठी १४० ने सुरू होणारी मालिका दिली गेली. ग्राहक लगेच शिकले. १४० दिसले की फोन कट. विकणारेही तितक्याच लवकर शिकले. ज्या नंबरवरून कोणी उचलत नाही तो वापरायचा कशाला, म्हणून ते साध्या दहा आकडी सिमकार्डांकडे वळले. नियम पाळून १४० वापरणाऱ्याचा फोन वाया जाई, आणि नियम मोडणाऱ्याचा उचलला जाई. २०१८चे कडक नियमही हे उलटे गणित सुलटे करू शकले नाहीत. ऑगस्ट २०२४मध्ये दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायने सक्ती केली तेव्हा नोंदणी नसलेल्या विक्रेत्यांची २.७५ लाखांहून अधिक कनेक्शने अल्पावधीत तोडावी लागली, यावरून दुखणे किती मुरले होते ते दिसते.

१६०० ची मालिका या गणिताच्या दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करते. मे २०२४मध्ये दूरसंचार विभागाने ती सरकारी कचेऱ्या आणि वित्तसंस्थांच्या सेवाविषयक व व्यवहारविषयक फोनांसाठी राखून ठेवली. १४० म्हणजे ‘सावध राहा’ अशी खूण. १६०० म्हणजे ‘हा फोन खात्रीचा आहे’ अशी खूण. पहिली खूण टाळण्यात फोन करणाऱ्याचा फायदा असतो, दुसरी मिळवण्यात. त्यामुळे दुसरी टिकण्याची शक्यता कितीतरी जास्त आहे. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५मध्ये बँकांना तसे बजावले. १९ नोव्हेंबर २०२५च्या निर्देशात ट्रायने तारखाही ठरवून दिल्या: व्यापारी बँकांना १ जानेवारी २०२६, मोठ्या बँकेतर वित्तसंस्था आणि लघुवित्त बँकांना १ फेब्रुवारी, सहकारी व ग्रामीण बँकांना १ मार्च. वर सांगितलेल्या शाखेतला फोन ही शेवटची तारीख उलटून गेल्यावरचा आहे.

या व्यवस्थेचे बळ आणि तिची कमजोरी दोन्ही समजून घ्यायची तर वाहनांच्या नंबर पाट्यांकडे पाहावे. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे खासगी गाडी, पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे भाड्याची. विजेवरच्या गाडीची पाटी हिरवी, वकिलातीच्या गाडीची निळी. गाडीचा मालक कोण, हे रस्त्यावर कोणी विचारत नाही. रिक्षाच्या रांगेत उभ्या असलेल्या प्रवाशाला मालकाचे नाव कळून काही उपयोगही नसतो. पाटीचा रंग त्याला सांगतो की ही गाडी भाडे घेण्यासाठी नोंदलेली आहे, तिच्याकडे परवाना आहे, तिची दरवेळची तपासणी ठरलेली आहे. रंग म्हणजे पत्करलेल्या जबाबदारीची जाहीर कबुली. १६०० चे चार आकडे नेमके हेच काम करतात. त्यांच्यामागे नोंदणीकृत संस्था आहे, तिच्यावर नियामक आहे आणि उद्या वाद झाला तर ‘तो आमचा नंबरच नाही’ असे तिला म्हणता येत नाही.

आता वडापची आठवण करावी. पश्चिम महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर वडापच्या जीपगाड्यांनी एसटीच्या बरोबरीने माणसे वाहिली. त्यांतल्या काही परवान्याच्या होत्या. पुष्कळ पांढऱ्या पाटीच्या. प्रवासी पांढऱ्या पाटीच्या गाडीत बसे कारण ती समोर उभी असे, चालक गावातला असे आणि काम भागे. अपघात झाला म्हणजे मात्र विम्याचा प्रश्न उभा राही, आणि परवान्याचे पैसे भरणारा काळी-पिवळीवाला रिकाम्या गाडीत बसून राही. आपल्या मोबाइलवरून खातेदाराला फोन करणारा शाखेतला कर्मचारी हाच पांढऱ्या पाटीचा धंदा करतो. त्याचा हेतू स्वच्छ असतो, माणूस ओळखीचा असतो, कामही खरे असते. पण अशा प्रत्येक फोनाबरोबर खातेदाराच्या मनात पक्के होत जाते की बँकेचा फोन साध्या नंबरवरूनही येऊ शकतो. फसवणाऱ्याला लागते ते एवढेच. शंभरातले नव्वद फोन १६०० च्या मालिकेतून आल्याने काम पुरे होत नाही. उरलेले दहा फोन त्या नव्वदांची किंमत घालवतात.

पाट्यांशी तुलना करताना एक फरक नजरेआड करता येत नाही. गाडीची पाटी सगळा रस्ता पाहतो. चौकातला पोलीस पाहतो, टोलनाक्याचा कॅमेरा पाहतो. फोनची पाटी फक्त ज्याला फोन आला तोच पाहतो, तीही काही सेकंद. इथे चौक नाही आणि पोलीसही नाही. त्यामुळे तक्रार हीच एकमेव तपासणी ठरते. म्हणूनच फेब्रुवारी २०२५मध्ये नियमांत झालेला बदल महत्त्वाचा आहे. आधी तक्रारीला तीन दिवस मिळत, आता सात मिळतात. नोंदणी नसलेल्या विक्रेत्याविरुद्ध दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या की कारवाई होऊ शकते. आणि तक्रार करणाऱ्याने आधी ‘नको असलेले फोन’च्या यादीत नाव घातलेले असण्याची अट गेली. तक्रारीचा १९०९ हा नंबर घरातल्या मोठ्या माणसांना पाठ असायला हवा.

पाटी खोटी लावता येते, तसा नंबरही खोटा दाखवता येतो. गाड्यांसाठी त्यावर उच्च सुरक्षा पाटी आली. तिच्यावर अशोकचक्राचा होलोग्राम, लेसरने कोरलेला क्रमांक आणि एकदा बसवली की न निघणारे कुलूप असते. ती बसवण्याच्या मुदती महाराष्ट्रात २०२५मध्ये पुन्हा पुन्हा वाढल्या, तरी तत्त्व बरोबर आहे. फोनच्या बाबतीत अमेरिकेने हाच मार्ग घेतला. डिसेंबर २०१९च्या कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना ३० जून २०२१पर्यंत आपल्या जाळ्यातून निघणाऱ्या फोनवर डिजिटल सही करणे भाग पडले. सहीला तीन दर्जे आहेत. पहिल्या दर्जात कंपनी ग्राहकाला ओळखते आणि तो नंबर त्याचाच आहे याची हमी देते. दुसऱ्यात ग्राहक ओळखीचा, पण नंबराची हमी नाही. तिसऱ्यात फोन आपल्या दारातून आत आला एवढेच कंपनी सांगते. होलोग्राम गाडीच्या चालकाचे चारित्र्य सांगत नाही, तशी ही सहीही बोलणाऱ्याच्या खरेपणाची हमी देत नाही. पाटी अस्सल आहे, एवढेच ती सांगते. भारताने सुरुवात सीमेवरून केली. परदेशातून येऊन भारतीय नंबराचा बुरखा घेणारे फोन अडवणारी यंत्रणा २२ ऑक्टोबर २०२४ला सुरू झाली आणि पहिल्या २४ तासांत तिने सुमारे १.३५ कोटी फोन अडवल्याचे सरकारने सांगितले.

नाव दाखवण्याच्या व्यवस्थेवर सध्या फार आशा ठेवली जाते आहे. ट्रायने फेब्रुवारी २०२४मध्ये तिची शिफारस केली. सिम घेताना भरलेल्या अर्जावरचे नाव फोन येताच पडद्यावर दिसावे, असे तिचे स्वरूप आहे. ट्रूकॉलरसारख्या ॲपमध्ये लोकांनी नोंदवलेली नावे दिसतात. त्यापेक्षा अर्जावरचे नाव नक्कीच जास्त पक्के. पण घरोघरी पाहिले तर आईचे सिम मुलाच्या नावावर असते, बायकोचे नवऱ्याच्या, गड्याचे मालकाच्या. देशाच्या बहुतेक भागांत एका माणसाला नऊ सिम घेता येतात. फसवणाऱ्या टोळ्या मजुरांच्या नावावरची सिम चार पैसे देऊन घेतात. अशा सिमवरून फोन आला की पडद्यावर एक खरे, साधे, निरुपद्रवी नाव उमटेल. त्या नावाने सावधपणा वाढण्याऐवजी कमी होण्याचा धोका आहे. शिवाय आपल्याच फोनवरून कामाचे फोन करावे लागणाऱ्या आशा सेविकेचे किंवा शिक्षिकेचे नाव प्रत्येक अनोळखी माणसाला दिसावे, हे तिच्या दृष्टीने बरे नाही. संस्थेच्या फोनवर संस्थेचे नाव दिसणे उपयोगाचे आहे. व्यक्तीच्या फोनवर व्यक्तीचे नाव दिसण्याचा लाभ तेवढा मोठा नाही.

काही मोबाइल कंपन्या फोनच्या वागणुकीवरून ‘संशयित स्पॅम’ असा इशारा देतात. एअरटेलने तो सप्टेंबर २०२४मध्ये सुरू केला आणि नंतर मराठीसह दहा भारतीय भाषांत आणला. इशारा मराठीत दिसणे ही मोठी सोय आहे. तरी तो अंदाज आहे, नोंद नव्हे.

वरची सगळी माहिती डोळ्यांसाठी आहे. ज्यांना ती सर्वांत जास्त लागते, त्यांतल्या कित्येकांचा चष्मा फोन वाजतो तेव्हा दुसऱ्या खोलीत असतो. कित्येकांच्या हातात बटणांचा फोन असतो, आणि नाव दाखवण्याची व्यवस्था टू-जीवर चालणे अवघड आहे. म्हणून प्रकार कानाला कळला पाहिजे, हा या स्तंभाचा जुना आग्रह आहे. १६०० वरून आलेल्या फोनची रिंग वेगळी वाजावी, बस्स. पहिल्या चार आकड्यांवरून रिंग निवडणे यंत्राला जड नाही. नोकियाच्या जुन्या साध्या फोनांतही घरचे, मित्र, कचेरी असे गट करून प्रत्येकाला वेगळी रिंगटोन लावता येत असे. कचेरीतल्या जोडरिंगेवर माणसे वर्षानुवर्षे विसंबून राहिली, घरातही राहतील. बँकेच्या फोनला एक ठरलेली, देशभर सारखी रिंग मिळाली तर बँकेच्या नावाने येणाऱ्या साध्या रिंगेच्या फोनवर आजीसुद्धा शंका घेईल. दूरसंचार विभागाने फोन बनवणाऱ्यांकडून हे करून घ्यावे.

मालिकेच्या कक्षेबाहेरही बरेच उरते. शाळा, दवाखाने, कुरिअर आणि खासगी कंपन्या १६०० मध्ये नाहीत. वीज तोडण्याची धमकी देणारे बनावट संदेश महाराष्ट्रभर फिरले तेव्हा महावितरणला पुन्हा पुन्हा सांगावे लागले की आपले अधिकृत संदेश कंपनीच्या नोंदलेल्या नावाने येतात, कोणाच्या खासगी मोबाइल नंबरवरून येत नाहीत. संदेशांच्या बाबतीत ओळखीची सोय आता चांगली आहे. प्रेषकाच्या नावाअखेर जाहिरातीला पी, सेवेला एस, व्यवहाराला टी आणि सरकारी संदेशाला जी हे अक्षर लागते. फोनांच्या बाबतीत इतकी बारीक वर्गवारी अजून नाही.

सहकारी बँकांपुरते करायचे काम छोटे आहे. पासबुकाच्या पहिल्या पानावर आयएफएससी आणि एमआयसीआर छापलेले असतात. त्यांच्याखाली बँकेचा १६०० चा नंबर छापावा. कर्मचाऱ्यांना स्वतःच्या मोबाइलवरून खातेदारांशी कामाचे बोलण्यास मनाई करावी. आणि काउंटरच्या काचेवरचा कागद काढून तिथे दुसरा लावावा: ‘बँकेचा फोन १६०० वरूनच येईल. इतर कोणत्याही नंबरवरून बँकेच्या नावाने फोन आला तर कट करा आणि शाखेत येऊन विचारा.’